विनंती यमुनेकडे आहे

आमच्या गुरुजींनी कचेरीला लिहिलेला रजेचा एक अर्ज मी शाळेत हजर झाले त्याच आठवड्यात वाचला, आणि आपण नेमक्या कुठे येऊन पडलो आहोत हे मला कळलं. अक्षर वळणदार होतं. ‘महोदय, माझी बहीण आजारी असल्याने मला किरकोळ रजा मिळावी ही नम्र’, आणि पुढे बोटभर रिकामी जागा. त्या जागेवर फुली. खाली टीप: ‘फुलीच्या जागचा शब्द इयत्ता पहिलीतील विद्यार्थिनी यमुना हिच्याकडे असून ती आईवडिलांसोबत वीटभट्टीवर गेलेली आहे. ती परत आल्यावर जागा भरून देण्यात येईल.’

कचेरीनं अर्ज परत पाठवला. ‘अर्जात त्रुटी आहे, पूर्तता करावी.’ गुरुजींनी उत्तर दिलं, ‘पूर्तता होळीनंतर करण्यात येईल.’ तोवर बहीण बरी होऊन स्वतःच भावाला भेटून गेली. होळी झाल्यावर बाजाराच्या दिवशी गुरुजी यमुनेला घेऊन खरोखरच कचेरीत गेले, लिपिकाला फाईल शोधायला लावली आणि त्या एवढ्याशा पोरीकडून रिकाम्या जागेत ‘विनंती’ लिहून घेतलं. रजा मंजूर झाली ती ऐन पावसाळ्यात. गुरुजींनी ती घेतली नाही, पण अर्ज पूर्ण झाल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर पुढे कितीतरी दिवस होतं.

मी सोलापूरकडची. नोकरी लागली ती मोखाडा तालुक्यात, पोशेऱ्याकडे जाणाऱ्या जीपमधून मध्येच उतरून चढण चढली की लागणाऱ्या एका पाड्यावर. दोन शिक्षकांची शाळा, चौथीपर्यंत. एक गुरुजी आणि एक मी. इकडे बाहेरून येणारा प्रत्येक शिक्षक पहिल्या दिवसापासून विनंती बदलीचे दिवस मोजत असतो, आणि मी काही त्याला अपवाद नव्हते. मोखाड्याला खोली घेतली तेव्हा घरमालकिणीनं विचारलं, ‘किती दिवस राहणार?’ मी म्हटलं, ‘बदली होईपर्यंत.’ ती म्हणाली, ‘सगळे असंच म्हणतात,’ आणि चावी दिली.

गुरुजी मात्र इथलेच. जव्हार तालुक्यातले, दाभोशाच्या बाजूचे, घरची भातशेती. उंच, काटकुळे, बारा महिने हातात छत्री. पावसात ती क्वचितच उघडलेली मी पाहिली. तिचा खरा उपयोग अंगणातल्या मातीत अक्षरं काढण्यासाठी. ऱ्हस्व उकार असला की छत्रीचं टोक झटकन उचलायचे आणि दीर्घ असला की पार जांभळीच्या बुंध्यापर्यंत ओढत न्यायचे. ‘दूध’ शिकवलं त्या दिवशी मुलांना प्रार्थनेसाठी उभं राहायला जागा उरली नव्हती.

आता हे ‘शब्द यमुनेकडे आहे’ प्रकरण काय होतं ते सांगते.

आमच्या पाड्यावरची मुलं शाळेत येण्याआधी बकऱ्या राखायला शिकतात. कुणाची कुठली बकरी, कोण वळतं, कोण कुणाकडे सोपवतं, हे सगळं त्यांना पाठ. भाताची कापणी झाली, दिवाळी उलटली की निम्मा पाडा खाली वीटभट्ट्यांवर कामाला जातो. इकडे त्याला ‘जगायला जाणं’ म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, कुणी आजारी आहे. तर जगायला जाताना घरची बकरी, कोंबड्या शेजारच्याकडे राखायला द्यायच्या, होळीला परत आलं की घ्यायच्या. दुसऱ्याची बकरी राखणारा स्वतःच्या बकरीपेक्षा तिला जास्त जपतो, कारण उद्या हिशेब द्यायचा असतो.

गुरुजींनी हेच शुद्धलेखनाला लावलं. भाषेतले जेवढे म्हणून अवघड, घसरायला लावणारे शब्द, ते त्यांनी मुलांना राखायला दिले. ‘बहीण’ दत्तूकडे. ‘पाऊस’ दुसऱ्या कुणाकडे. ‘परीक्षा’ एका रडक्या मुलीकडे, आणि ती त्या शब्दाशी बरीच प्रामाणिक होती. प्रत्येकाकडे एक शब्द, आणि नियम असा की दुसऱ्याचा शब्द लिहायचा झाला की उठायचं, त्याच्या जागेपाशी जायचं, दारात उभं राहिल्यासारखं जरा लांब थांबायचं आणि म्हणायचं, ‘तुझा शब्द देशील का?’ मग तो शब्दाचा धनी सांगणार. पहिली वेलांटी की दुसरी, जोडाक्षर कसं, सगळं. चुकून चालायचंच नाही, कारण तो चुकला की अख्खा वर्ग चुकला. आणि हा नियम गुरुजींनाही लागू. फळ्यावर लिहिता लिहिता थांबायचे, खडू खाली ठेवायचे आणि पहिलीतल्या शेंबड्या पोरापुढे जाऊन अदबीनं उभे राहायचे. धन्याशी बोलताना अहोजाहो.

‘गुरुजी, तुम्हाला येतो ना तो शब्द?’ मी एकदा न राहवून विचारलं.

‘येतो की.’

‘मग विचारता कशाला?’

‘वाट माहीत आहे म्हणून बहिणीकडे जायचं सोडतो का आपण, बाई?’

मला हे सगळं अतिशय खुळचट वाटायचं. मी नुकतीच एका प्रशिक्षणातून आले होते. तिथे एका सभागृहात पडदा लावून आम्हाला ‘आनंददायी शुद्धलेखन’ शिकवलं होतं. शिकवणाऱ्या बाईंच्या पडद्यावर ‘विध्यार्थी’ असं लिहिलेलं दिवसभर झळकत होतं, आणि आम्ही सगळे त्यातला आनंद वहीत उतरवत होतो. शेवटी आम्हा सगळ्यांचा हसरा फोटो काढून वर पाठवण्यात आला. त्या प्रशिक्षणातली रंगीत कार्डं मी शाळेत लावली. मुलांनी ती आनंदानं पाहिली आणि दुसऱ्या दिवशी एकीनं विचारलं, ‘बाई, ह्ये शबुद कुणाचं हायत?’ मी म्हटलं, कुणाचेच नाहीत, सगळ्यांचे आहेत. तिला त्या कार्डांची दया आली असावी. तिनं त्यांच्याकडे पुन्हा पाहिलं नाही.

गुरुजींच्या तोंडी ‘चूक’ हा शब्द नव्हता. एखाद्यानं ‘मानुस’ लिहिलं तर ते एवढंच म्हणायचे, ‘न विचारता लिहिलास.’ त्यांच्या लेखी गुन्हा तेवढाच. जव्हारच्या बाजारपेठेत त्यांच्याबरोबर चहाला जायची सोय नव्हती. हॉटेलच्या अशुद्ध पाटीसमोर ते छत्री टेकून उभे राहायचे, मग गल्ल्यावरच्या माणसाला विचारायचे, ‘पाटीवरचा हा शब्द कुणाकडे आहे?’ तो गोंधळून म्हणायचा, ‘पेंटरकडे.’

‘तो कुठे असतो?’

‘गेला की तो नाशिकला.’

‘मग बरोबर आहे,’ गुरुजी म्हणायचे आणि चहा पाजायचे.

शब्दवाटपावरून भांडणंही व्हायची. एका मुलाला ‘डुक्कर’ मिळाला. दुसऱ्या दिवशी त्याची आई कंबरेला पदर खोचून शाळेत. ‘गुरुजी, सरपंचाचे पोराला आशीर्वाद आन माझे पोराला डुक्कर? आमी काय केलाय?’ गुरुजींनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि मोठ्या गंभीरपणे डुक्कर परत घेऊन ‘महत्त्व’ द्यायची तयारी दाखवली. पण तोवर पोरगं भोकांड पसरून बसलं होतं. त्याला महत्त्व नको होतं, त्याला डुक्करच हवा होता. त्यानं त्याचं जोडाक्षर घरच्या भिंतीवर कोळशानं काढून ठेवलं होतं. आई शेवटी पदर सोडून निघाली. जाता जाता म्हणाली, ‘राहू दे मग. पन नीट राखाया सांगा.’

जगायला जायची वेळ आली की शब्द सोपवायचा. देणारा घेणाऱ्याच्या तळहातावर बोटानं शब्द लिहायचा आणि त्याची मूठ मिटून द्यायचा. घेणारा मागे पाड्यावर असणारा हवा, एवढी एकच अट. जो स्वतःच जगायला जाणार त्याला शब्द देऊन उपयोग काय? कुणी आजीजवळ राहायचं, कुणी मामाकडे. त्यांच्या मुठीत त्या दिवसांत तीन तीन, चार चार शब्द असायचे.

यमुना मात्र कधीच सोपवायची नाही. पहिलीपासून ‘विनंती’ तिच्याकडे. दरवर्षी गाडी यायची, चूल, भांडी, माणसं, कोंबड्यांची एक टोपली चढायची, आणि यमुना टपावर बसून शब्द घेऊन जायची. मी पहिल्या वर्षी गुरुजींना म्हटलं, ‘अहो, घ्या की काढून.’ ते म्हणाले, ‘बाई, शब्द देऊन गेलेली पोरं कधी कधी येत नाहीत. हिला परत यावं लागेल. दुसऱ्याची वस्तू आहे ना तिच्याकडे.’

परिणाम असा की दिवाळी ते होळी आमच्या शाळेला कुणाकडेच कसलीच विनंती करता येत नसे. सरकारी मराठीत हा शब्द मिठासारखा लागतो. फळा तडकला तर तडकलेला. खिडकीचं दार वाऱ्यानं नेलं तर नेलं. गुरुजी सगळ्या अडचणी होळीपर्यंत साठवायचे आणि मग एकदम अर्जांचा सपाटा लावायचे. कचेरीत म्हणे त्या महिन्याला ‘तुमच्या गुरुजींचा सीझन’ असं नाव पडलं होतं.

यमुना चौथीत असताना, ऐन थंडीत, न सांगता तपासणी आली.

कचेरीतून आलेल्या साहेबांबरोबर एक फोटो काढणारा होता. साहेब तरुण होते, हुशार होते, घाईत होते. त्यांनी हजेरी घेतली. निम्मी मुलं नव्हती. ‘कुठे आहेत?’ मी म्हटलं, ‘जगायला गेलीत.’ त्यांनी ते ‘अनधिकृत अनुपस्थिती’ असं लिहून घेतलं. मग उरलेल्यांना म्हणाले, ‘पाटी काढा. शब्द लिहायचे. पहिला शब्द, बहीण.’

अख्खा वर्ग उठला आणि दत्तूकडे निघाला.

साहेबांना वाटलं, मुलं पळून चालली. ती दत्तूपाशी जाऊन थांबली, ‘दत्तू, तुझा शब्द देशील का?’ म्हणाली. दत्तूनं गंभीरपणे सांगितलं, ‘ही दुसरी. ण बाणातला.’ सगळे शिस्तीत परत येऊन बसले आणि लिहिते झाले. दुसरा शब्द पाऊस. वर्ग पुन्हा उठला आणि दुसऱ्या कोपऱ्याला गेला. फोटो काढणाऱ्यानं ते छान टिपलं. ‘अरे बसा! कॉपी करता काय!’ साहेब ओरडले. मुलांना कॉपी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं, हा नवा शब्द आहे, आणि ती तो कुणाकडे आहे ते शोधू लागली.

मग साहेबांनी ‘विनंती’ सांगितला. सगळ्यांनी पेन्सिली खाली ठेवल्या.

‘लिहा की.’

‘सर, ती भट्टीव हाय,’ एक मुलगी म्हणाली.

‘कोण?’

‘इनंती.’

साहेबांनी हजेरीपट पुन्हा उघडला आणि या नावाची मुलगी शोधली. गुरुजींनी मग त्यांना सगळं समजावून सांगितलं. भाताची लावणी काय, एकेकाच्या शेतात अख्खा पाडा कसा उतरतो काय, कुणी एकटा लावत बसत नाही काय. साहेब म्हणाले, ‘गुरुजी, परीक्षा म्हणजे लावणी नव्हे.’

‘साहेब, तुम्हाला पत्र लिहिताना अडलं तर काय करता?’

‘लिपिकाला विचारतो.’

‘उठून जाता की इथूनच ओरडता?’

साहेबांनी शेरा लिहिला.

नोटीस चार दिवसांत आली. सामूहिक कॉपी, समाधानकारक नसलेली पटसंख्या, आणि ‘एका विद्यार्थ्यास एक शब्द हे प्रमाण धोरणाशी सुसंगत नाही’. म्हणून ही शाळा डोंगरापलीकडच्या शाळेत का मिळवू नये, याचा खुलासा पुराव्यासह आठ दिवसांत करावा. डोंगरापलीकडे जायचं म्हणजे मधला ओहोळ ओलांडायचा. पावसाळ्यात तो ओलांडायला मोठी माणसंही धजत नाहीत. शाळा गेली की पहिली-दुसरीची मुलं घरी बसणार, आणि घरी बसलेलं पोर पुढच्या दिवाळीला आईबापाबरोबर भट्टीवर जाणार, हे सांगायला कुणा अभ्यासकाची गरज नव्हती. पाड्यावरची माणसं संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर येऊन बसली. डुक्करवाल्या मुलाच्या आईनं विचारलं, ‘मंग आता कसा करायचा, गुरुजी?’

‘अर्ज करायचा,’ गुरुजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी अर्जाचा कच्चा खर्डा करून दिला. गुरुजींनी तो स्वतःच्या हातानं लिहायला घेतला. सगळं सुरेख जमत आलं, आणि शेवटच्या ओळीवर पेन थांबलं. ‘तरी आमची शाळा बंद करू नये ही नम्र’.

‘गुरुजी, नको हं,’ मी म्हटलं. ‘या वेळी नको. मी लिहिते, सरका.’

‘तो शब्द तुमचा नाही, बाई.’

‘मग दुसरा घाला. मागणी घाला!’

‘मागणी पुढाऱ्यांनी करायची. आपण काय ते...’ आणि त्यांनी रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं.

मी अक्षरशः कपाळाला हात लावला. शाळा चालली होती, पोरं घरी बसणार होती, आणि हा गृहस्थ एका शब्दापायी अडून बसला होता! मी बरंच काही बोलले. तुमचा हट्ट म्हणजे शुद्ध वेडेपणा आहे, हेही बोलले. गुरुजींनी ते सगळं ऐकून घेतलं. ‘बाई,’ ते म्हणाले, ‘साहेब म्हणतात, पोरं कॉपी करतात. मी म्हणतो, विचारतात. आता मीच न विचारता लिहिला, तर साहेबांचं खरं झालं की नाही?’

रविवारी आम्ही दोघं एसटीनं निघालो. जव्हार, विक्रमगड करत वाड्याच्या पुढे. गुरुजींच्या पिशवीत पाटी, खडू आणि छत्री. भट्टीवर पोचलो तेव्हा उन्हं चढली होती. गुरुजींचा पांढरा शर्ट आणि माझी पर्स पाहून मुकादमाचा काहीतरी गैरसमज झाला. त्यानं धावत दोन खुर्च्या आणवल्या, चहा सांगितला, आणि आम्ही काही विचारायच्या आतच शपथेवर सांगितलं की इथं एकही लहान पोर कामाला नाही. तो हे सांगत असताना त्याच्या पाठीमागे रचलेल्या विटांआड मुलं भराभर लपत होती. इतकी शिस्त मी आमच्या कवायतीतसुद्धा पाहिली नाही.

‘साहेब, तपासणी कसली हाये?’

‘तपासणी नाही. एक शब्द न्यायला आलोय,’ गुरुजी म्हणाले.

मुकादमाचा चेहरा आणखीच पडला. त्यानं चहाबरोबर बिस्किटंही मागवली.

गुरुजींचा आवाज ऐकून विटांच्या थप्पीआडून यमुना बाहेर आली. कडेवर धाकटा भाऊ, दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात. नुकत्याच पाडलेल्या कच्च्या विटा उलटवत होती. मला ती आधी ओळखूच आली नाही. वर्गात वेणी घालून बसणारी पोर, तिचे केससुद्धा मातीच्या रंगाचे झाले होते. मला रडू आलं. मी ते चहाच्या कपात लपवलं.

गुरुजी खुर्चीवरून उठले. चार पावलं लांब उभे राहिले, दारात थांबावं तसे. आणि अख्ख्या भट्टीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘यमुनाबाई, तुमचा शब्द द्याल का? शाळेला लागतोय.’

माती तुडवणारी माणसं थांबली. यमुनेचा बाप घमेलं खाली ठेवून पाहू लागला. आपल्या नऊ-दहा वर्षांच्या पोरीपुढे गुरुजी हात जोडल्यासारखे उभे आहेत, हे त्यानं पूर्वी कधी पाहिलेलं नसावं. यमुनेनं भावाला बापाकडे दिलं. गुरुजींनी पाटी पुढे केली. तिनं हात फ्रॉकला पुसले, पण ते कोरडे होईनात.

‘वल्ल्या हातानं पाटीवं उमटाचा नाय, गुरुजी,’ ती म्हणाली. खाली वाकली, एक कच्ची वीट उचलून मांडीवर घेतली, आणि काडीनं तिच्यावर लिहिलं. पहिली वेलांटी, अनुस्वार, दुसरी वेलांटी. प्रत्येक खूण तोंडानं म्हणत. मग वीट गुरुजींच्या हातात दिली.

‘काम झालं की परत आणा,’ तिनं बजावलं.

बापानं आपला पंचा काढून वीट त्यात गुंडाळून दिली. ‘कच्ची हाय, हळू न्या,’ एवढंच म्हणाला. एसटीत ती वीट संपूर्ण रस्ता गुरुजींच्या मांडीवर होती. कंडक्टरनं विचारलं, ‘काय आहे?’ गुरुजी म्हणाले, ‘विनंती.’ तो पुढच्या सीटकडे वळला.

नोटिशीत ‘पुराव्यासह’ असं म्हटलंच होतं. गुरुजींनी रिकामी जागा भरली आणि खाली लिहिलं: ‘सहपत्र: वीट एक.’ अर्ज घेऊन आम्ही कचेरीत गेलो. आवक-जावकच्या लिपिकानं, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात त्यांनी, वीट फिरवून फिरवून पाहिली.

‘विनंती कसली आहे ते लिहिलं नाही हिच्यावर.’

‘ते अर्जात आहे.’

‘मग ही कशाला?’

‘ती पुराव्यात आहे.’

सहपत्रावर आवक शिक्का मारावाच लागतो. भाऊसाहेबांनी मारला. माती अजून आतून ओली होती. शिक्का खोल रुतला आणि ‘विनंती’च्या शेजारी कायमचा बसला. त्या दिवसापासून ती वीट सरकारी झाली.

आणि तिथेच सगळं अडलं. शाळा बंद करायचा निर्णय वरच्या कार्यालयात व्हायचा. फाईल वर पाठवायची तर सहपत्र सोबत हवं. सहपत्र कच्चं, घाटातल्या रस्त्यानं नेलं तर त्याचा चुरा होणार. सरकारी सहपत्राचा चुरा झाला तर जबाबदार कोण? भाऊसाहेब म्हणाले, मी नाही. शिपाई म्हणाला, मी तर नाहीच. साहेबांनी फोटो पाठवायचा प्रयत्न केला. वरून उत्तर आलं, मूळ सहपत्र सादर करावे. वीट भाजून पक्की करावी असाही एक प्रस्ताव निघाला, पण सहपत्रात फेरफार करण्याची तरतूद सापडेना. अशा रीतीनं आमची शाळा बंद करण्याची कार्यवाही जोरात सुरू राहिली आणि शाळाही सुरू राहिली. वीट भाऊसाहेबांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर आहे. तिला कुणी हात लावत नाही. साहेबांची मात्र बढतीवर बदली झाली.

‘यमुनेला वीट परत द्यायची आहे,’ असं गुरुजी अधूनमधून कचेरीला स्मरणपत्र पाठवायचे. ‘आपले प्रकरण विचाराधीन आहे’ असं उत्तर आलं की ते पत्र मला दाखवून गालात हसायचे. त्या हसण्यावरून मला आजही सांगता येत नाही, की हा माणूस वेडा होता की कचेरीला आमच्या सगळ्यांपेक्षा चांगला ओळखत होता.

होळीला यमुना परत आली. बाप तिला घेऊन थेट शाळेत आला. ‘गुरुजी, पुढले साली हिला नेत नाय,’ म्हणाला. ‘मोखाड्याला वसतिगृहात घाला.’ एवढं बोलून तो घाईघाईनं होळीची लाकडं तोडायला गेला. गुरुजी बराच वेळ छत्रीनं जमिनीवर काहीतरी काढत बसले होते. मी पाहिलं, नुसत्या रेघा होत्या.

त्याच उन्हाळ्यात गुरुजी निवृत्त झाले.

निरोपाचा समारंभ पाड्यानं केला. नागलीची भाकरी, चवळीची आमटी, आणि सरपंचांचं भाषण. भाषणात सरपंचांनी गुरुजींना आशीर्वाद द्यायच्या आधी स्वतःच्या मुलाकडे पाहून परवानगी घेतली. मग चौथीची मुलं शब्द सोपवू लागली. डुक्करवाला मुलगा एका पहिलीतल्या पोराच्या हातावर बोटानं लिहिताना हुंदके देत होता. यमुना शेवटपर्यंत बसून राहिली.

‘यमुनाबाई?’ गुरुजी म्हणाले.

‘तुमी ठेवा.’

‘मी घरी चाललो. मी पाड्यावर असणार नाही, माझ्याकडे चालत नाही.’

तिनं पहिलीच्या मुलांकडे पाहिलं. उरलेली बहुतेक सगळी दिवाळीनंतर भट्टीवर जाणारी. ती उठली, वर्गाच्या दारात मी उभी होते तिथे आली, आणि चार पावलं लांब थांबली.

माझ्या हातात मोबाईल होता. त्यात विनंती बदलीचा अर्ज भरून तयार होता. वरच्या खडकावर रेंज येते; समारंभ संपला की तिथे जाऊन तेवढा पाठवायचा बाकी होता. अर्ज पाठवायची ती शेवटची तारीख. गुरुजी चालले होते, मीही गेले असते तर शाळा बंद करायला कचेरीला विटेची वाट पाहावी लागली नसती.

‘बाई,’ यमुनेनं विचारलं, ‘तुमी कुठं जगाया जात नाय ना?’

गुरुजी माझ्याकडे पाहत नव्हते. ते छत्री झटकत होते, जणू काही पाऊसच पडून गेला होता.

‘नाय,’ मी म्हटलं, तिच्याच भाषेत. मोबाईल पर्समध्ये टाकला आणि हात पुढे केला.